तणात हरवलेला भूखंड माणसात आणताना

मृगाच्या दोन सरी पडल्या की शहरातील मोकळ्या भूखंडांचा रंग आठवडाभरात बदलतो. छत्रपती संभाजीनगरातील उस्मानपुरा हा परिसरही त्याला अपवाद नाही. क्रांती चौक आणि रेल्वे स्थानक यांच्या दरम्यान वसलेल्या, संत एकनाथ रंगमंदिरामुळे शहरभर ठाऊक असलेल्या या भागात बंगल्यांच्या आणि सदनिकांच्या रांगांमधून एखादा तुकडा असा हमखास राहून गेलेला असतो, की ज्याचा मालक परगावी आहे, ज्याच्या वाटण्या झालेल्या नाहीत, किंवा जो अभिन्यासातील खुली जागा म्हणून कागदावर आहे आणि प्रत्यक्षात कोणाचाच नाही. उन्हाळ्यात तेथे पालापाचोळा, फुटक्या विटा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या दिसतात. पावसाळ्यात त्या सगळ्यावर गाजरगवताची पांढरी चादर पसरते आणि शेजारच्या घरांतून शिंका, खाज व दम्याच्या तक्रारी सुरू होतात.

असा तुकडा हाती घेऊन तेथे भाजीपाला लावावा, असे अनेकांच्या मनात येते. काही जण उत्साहाने आरंभही करतात. एका रविवारी मजूर लावून जागा साफ होते, छायाचित्रे काढली जातात, आणि श्रावण संपेपर्यंत तण पुन्हा कमरेएवढे वाढलेले असते. उत्साह तेथेच संपतो. हे का होते आणि ते टाळण्यासाठी काय करावे लागते, याचा विचार कुदळ हातात घेण्याआधी करणे अगत्याचे आहे.

या शहराचे बागांशी नाते

मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली तेव्हा वस्तीबरोबर पाण्याचाही विचार केला. नहर-ए-अंबरीने डोंगरपायथ्याचे भूजल खापरी नळांतून शहरात आणले आणि त्या पाण्यावर पुरे, हौद व बागा उभ्या राहिल्या. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा ही नावे त्या काळच्या मराठा सरदारांची आठवण देतात. मोगलकालीन हिमायतबाग आजही टिकून आहे आणि तेथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र चालते. थोडक्यात, बागांची परंपरा या मातीला नवी नाही. वस्ती दाट होत गेली तशी ती घराच्या परसातून कुंडीपुरती उरली.

युरोपात याच अडचणीवर फार पूर्वी तोडगा निघाला. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर मागणी असल्यास नागरिकांना लागवडीसाठी भूखंड भाड्याने उपलब्ध करून देण्याची जबाबदारी टाकली. त्या भूखंडाचे रूढ क्षेत्र सुमारे अडीचशे चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. जर्मनीतील १९८३ च्या कायद्यानुसार असा भूखंड चारशे चौरस मीटरपेक्षा मोठा असू नये. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी व्यवस्था म्हणजे रेल्वेची. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेच्या नावाने रेल्वेमार्गालगतच्या पट्ट्या लागवडीसाठी परवान्यावर देण्याची पद्धत पडली आणि मुंबईच्या लोकलमधून दिसणारे पालक-माठाचे वाफे हा तिचाच परिणाम. पण सामान्य नागरिकाला नगरपालिकेकडे अर्ज करून वाफा मिळावा, अशी सर्वसाधारण तरतूद महाराष्ट्रात रुजली नाही. त्यामुळे आपल्याकडे पहिला प्रश्न तणाचा नसतो, तो हक्काचा असतो.

आधी कागद, मग कुदळ

जागा कितीही ओसाड दिसली तरी ती कोणाची तरी असते. नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक आणि इतरत्र सातबारा पाहून मालकी निश्चित करावी. वसाहतीतील खुली जागा असेल तर मंजूर नकाशात ती कशासाठी राखलेली आहे, हे महानगरपालिकेच्या नगररचना विभागात कळते. बालोद्यानासाठी राखलेल्या जागेवर एकट्या कुटुंबाने भाजीचे वाफे घालणे हेही अतिक्रमणच होय. तेथे वसाहतीच्या संस्थेमार्फत लेखी परवानगी घेऊन सामूहिक बाग करणे हा योग्य मार्ग.

खासगी मालक बहुधा नकार देतो आणि त्याच्या नकारामागे भीती असते. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे बारा वर्षे राखलेला ताबा मालकी हक्कावर गदा आणू शकतो. मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात असल्याने येथील शेतजमिनींना १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा लागू आहे. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ज्यांच्या घरात जमीन घालवून गेली, त्यांच्या मुलांना बिगरशेती भूखंडावरही कोणी चार वांगी लावलेली पाहवत नाहीत. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. आपण मालकाच्या परवानगीने, ठरावीक मुदतीसाठी, कोणताही हक्क न सांगता जागा वापरत आहोत आणि मागणी होताच ती रिकामी करू, असे स्पष्ट लेखी पत्र वकिलाच्या सल्ल्याने करून द्यावे. परवानगीने घेतलेला ताबा हा विरोधी ताबा ठरत नाही, हे मालकालाही समजते आणि बोलणे सोपे होते. मालकाच्या पदरात काय पडते, हेही सांगावे: कुंपण राहते, कचरा पडत नाही, आणि जागेवर दुसरा कोणी झोपडी घालत नाही.

मुदत मात्र किमान तीन पावसाळ्यांची मिळवावी. का, ते पुढे येईलच.

काय वाढले आहे, ते ओळखा

सर्व तण सारखे नसते. उपाय तणाच्या स्वभावावर ठरतो. ढोबळमानाने तीन गट करावेत.

पहिला गट बियांवर जगणाऱ्या वर्षायू तणांचा. गाजरगवत हे त्याचे मुख्य उदाहरण. मूळ अमेरिका खंडातील या वनस्पतीची पुण्यातील नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले आणि तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचे नाव त्याला चिकटले, असे लोक मानतात. पण ‘पीएल-४८०’ खालचा गव्हाचा पहिला करारही १९५६ च्या ऑगस्टचा आहे, हे लक्षात घेतले तर या कथेवर सरसकट विश्वास ठेवणे कठीण जाते. एक झाड दहा ते पंचवीस हजार बिया टाकू शकते, उगवणीनंतर महिना-दीड महिन्यात फुलते आणि ओल मिळाली तर वर्षातून अनेक पिढ्या काढते. याच गटात तरोटा, आघाडा, काटेमाठ, गोखरू, कुर्डू ही मंडळी येतात.

दुसरा गट जमिनीखाली संसार थाटणाऱ्यांचा: हरळी, लव्हाळा आणि काळ्या रानातला कुंदा. ज्या हरळीच्या दुर्वा आपण गणपतीला वाहतो, तिच्या प्रत्येक पेरातून नवे रोप फुटते. उटण्यात सुगंध देणारा नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्याच कुळातील गाठी. या गाठी जमिनीखाली साखळीने वाढतात. वरचे पाते उपटले की साखळी तुटते आणि झोपलेल्या गाठी जाग्या होतात. म्हणून लव्हाळा उपटल्यावर दुप्पट झाल्यासारखा वाटतो. तो भास नसतो.

तिसरा गट झुडपांचा: घाणेरी, रुई, एरंड, वेडी बाभूळ. ही दिसायला भयंकर, पण काढायला तुलनेने सोपी. कोयत्याने छाटून खोड पहारीने मुळासकट उपटले की प्रश्न मिटतो. वृक्ष म्हणता येईल असे काही असेल तर मात्र थांबावे. नागरी क्षेत्रातील वृक्षतोडीला महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा लागू आहे आणि वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडणे गुन्हा आहे.

साफसफाईचा क्रम

चैत्र-वैशाख हा आरंभाचा योग्य काळ. गवत वाळलेले असते, जमीन दिसते आणि सापांचा वावर नजरेस पडतो. पडीक जागेत नाग, घोणस, मण्यार यांची शक्यता गृहीतच धरावी. पायात उंच बूट, हातात जाड हातमोजे, आणि हात घालण्यापूर्वी काठीने आवाज करणे, हे नियम मजुरांनाही लागू करावेत. दंश झालाच तर मंत्र-तोडग्यात वेळ न दवडता रुग्णाला थेट घाटी रुग्णालयासारख्या, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या ठिकाणी न्यावे. गाजरगवत उघड्या हाताने उपटू नये. त्यातील पार्थेनिन या द्रव्याने त्वचेचा दीर्घकाळ टिकणारा दाह होतो. दम्याच्या रुग्णाने तर हे काम स्वतः करूच नये.

प्रथम कचरा. काच, प्लॅस्टिक, राडारोडा वेगळा करावा. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि या शहरातील कचरा कित्येक आठवडे रस्त्यांवर व मोकळ्या जागांत साचला. त्या वेळी कोणत्या भूखंडात काय पुरले गेले आणि काय जाळले गेले, हे शेजाऱ्यांना विचारून घ्यावे. जेथे विजेऱ्या, रंगाचे डबे किंवा तारा जाळल्याची राख आहे, तेथील वरची माती काढून टाकावी आणि पालेभाज्या व कंदमुळे न लावता बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफे करावेत.

मग गवत. ते जाळण्याचा मोह फार होतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरवला, हे एक कारण. दुसरे असे की, आगीने वरचा कडबा जळतो, मातीतील गाठी आणि मुळे शाबूत राहतात. गाजरगवत फुलण्यापूर्वी उपटले तर त्याचे उत्तम खत होते. फुललेले मात्र खतात घालू नये. घरच्या खड्ड्यात बी मरेल इतकी उष्णता क्वचितच निर्माण होते.

यानंतर कुदळ. काळ्या मातीत खणण्याची वेळ साधणे हीच कला आहे. कोरडी असता ती दगडासारखी, ओली असता साबणासारखी. वाफसा आला असताना, म्हणजे मूठभर माती दाबल्यावर गोळा होतो आणि अंगठ्याने फुटतो तेव्हाच ती खणावी. हरळी व कुंदा असलेल्या भागात वीतभर तरी खोल खणून मुळ्या हाताने वेचाव्यात आणि उन्हात वाळवाव्यात. यंत्राने फिरवून मोकळे होण्याची घाई केल्यास फाळ हरळीचे शंभर तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा रोप होतो. ज्या भागात फक्त गाजरगवत आहे, तेथे उलट खोल खणूच नये. खोलवर निद्रिस्त असलेले बी त्याने वर येते.

सूर्याकडून काम करून घ्या

मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. त्याला शिव्या देण्याऐवजी कामाला लावता येते. इस्राएलमधील याकोव कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडलेली ही पद्धत: खणून सारखी केलेली जमीन भरपूर भिजवावी, तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद घट्ट अंथरावा, कडा मातीत पुराव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. ओल्या मातीत उष्णता खोल उतरते आणि वरच्या थरातील बहुतेक बी मरते. काळा कागद येथे चालत नाही. तो स्वतः तापतो, मातीला तितके तापवत नाही. लव्हाळ्याच्या खोल गाठींवर मात्र या उपायाचा भरवसा धरू नये.

तणनाशकांविषयी विचारणा होतेच. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर प्रशिक्षित कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. घरांना लागून असलेल्या, मुले खेळतात अशा जागेत त्याचा विचार न केलेला बरा. पडीक जागी गाजरगवतावर मिठाचे तीव्र द्रावण फवारतात. ज्या जमिनीतून पीक घ्यायचे आहे तेथे हा उपाय म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. मीठ मातीतच राहते. पावसाळ्यात गाजरगवताची पाने चाळणीसारखी दिसली तर त्यावरील पट्टेदार भुंगेरे मारू नयेत. मेक्सिकोतून आणून १९८४ साली बंगळूर परिसरात सोडलेल्या मित्रकीटकाचे ते वंशज असतात.

पहिल्या पावसात पेरू नका

येथेच बहुतेक जण चुकतात. जमीन स्वच्छ दिसते, पाऊस पडतो, आणि भेंडी-गवारीचे बी टाकले जाते. आठ दिवसांत भेंडीच्या एका रोपामागे तणाची शंभर रोपे उभी राहतात आणि त्यांतून खुरपे चालवणे अशक्य होते.

आपले शेतकरी पेरणीपूर्वी कुळवाच्या पाळ्या घालतात, त्यामागील शास्त्र हेच आहे. पहिल्या पावसाने वरच्या थरातील बी उगवू द्यावे. रोपे दोन-चार पानांवर आली की खुरप्याने वरची इंचभर माती हलवून ती मोडावीत. पुन्हा पाऊस, पुन्हा उगवण, पुन्हा पाळी. दोन-तीन पाळ्यांत वरच्या थरातील बियांचा साठा बराच रिता होतो. मग आषाढात ताग किंवा धैंचा दाट पेरावा. गुंठ्याला सुमारे अर्धा किलो बी पुरते. तो तणाला सावलीत दडपतो, मातीत नत्र साठवतो, आणि फुलोऱ्यापूर्वी, म्हणजे सहा-सात आठवड्यांनी कापून जमिनीत गाडला की काळी माती भुसभुशीत होते. लव्हाळ्यावरही सावली हाच खरा उपाय आहे. त्याला ऊन लागते. भोपळा, रताळे किंवा चवळीच्या वेलाखाली तो हळूहळू क्षीण होतो.

पहिल्या वर्षी म्हणून पावसाळ्यात खाण्यासारखे फारसे काही मिळत नाही. हे मनाशी आधीच ठरवावे. पहिली खरी भाजी रब्बीत: मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, हरभरा. पैठण रस्त्यावरील कृषी विज्ञान केंद्रातून माती तपासून घेतली तर बरे. आपली माती बहुधा चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असते. पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसू लागल्या तर लोहाची कमतरता समजावी आणि शेणखत, कंपोस्ट वाढवावे.

पाण्याचा हिशेब

जायकवाडीच्या पाण्यावर जगणाऱ्या या शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणारे नळ पाहिले आहेत. पिण्याचे पाणी वाफ्यांना देणे शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपेल, आणि ते योग्यही नाही. शंभर चौरस मीटर छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर पाणी होते. गळती धरून आठशे लिटर टाकीत येते. शहराचा वार्षिक पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. अर्थात तो चार महिन्यांतच पडतो, त्यामुळे आच्छादनाला पर्याय नाही. पाचट, वाळलेला पाला, भुसा यांचा चार बोटे जाड थर वाफ्यांवर ठेवला की बाष्पीभवन घटते आणि बाहेरून उडत आलेल्या बियांना माती दिसत नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून हेच सांगितले: पालापाचोळा, ऊन आणि मोजके पाणी यांवर थोड्या जागेतही पीक उभे राहते. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाच्या गरजा भागवण्याचा त्यांचा आग्रह सर्वांना पेलणार नाही; पण गुंठाभर जागेत घरापुरती भाजी हे उद्दिष्ट अवाजवी म्हणता येत नाही.

तीन पावसाळे

आता मुदतीचा मुद्दा. गाजरगवताचे पुरलेले बी काही वर्षे जिवंत राहते. पहिल्या वर्षी तुम्ही झाडे काढता. दुसऱ्या वर्षी मातीत साठलेले बी उगवते. तिसऱ्या वर्षी शेजारच्या भूखंडातून उडून आलेले. यांपैकी एका वर्षी जरी दहा झाडे बी धरेपर्यंत राहिली, तरी लाखभर बिया पुन्हा मातीत जातात आणि आधीचे श्रम पाण्यात जातात. म्हणून रविवारच्या महाश्रमदानापेक्षा रोज सायंकाळची वीस मिनिटे अधिक मोलाची. नियम एकच: फूल दिसू द्यायचे नाही. आपल्या कुंपणाबाहेर चार-पाच हातांचा पट्टाही याच नियमाने राखावा. तेथे तरोटा वाढू दिला तर तो गाजरगवताला मागे रेटतो, शिवाय त्याची कोवळी पाने भाजीला होतात.

भाजीवरून आठवले. तण म्हणून आपण जे उपटतो त्यात घोळ, तांदुळजा, पाथरी, केना, कुर्डू या मराठवाड्याच्या घराघरांत शिजणाऱ्या रानभाज्या असतात. जागा स्वच्छ झाल्यानंतर, आणि घरातील जाणत्या माणसाने ओळखून दिल्यानंतरच, त्या खुडाव्यात. धोत्र्यासारखी विषारी झाडेही त्याच गर्दीत उभी असतात.

राष्ट्रीय पातळीवर दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने ही तारीख पावसाळ्याच्या मध्यावर ठरवली, कारण त्या वेळी झाडे वाढलेली, पण सर्वत्र बी झडलेले नसते. वसाहतीच्या संस्थांनी त्याच आठवड्यात आसपासचे सर्व भूखंड एकदम साफ केले, तर एकेकट्याच्या कष्टाला अर्थ येतो. एका घराने तण काढले आणि शेजारचा भूखंड फुलत राहिला, तर वारा कोणाचे कुंपण मानत नाही.

आणि चौथ्या वर्षी मालकाने जागा परत मागितली तर? लेखी शब्दाप्रमाणे ती हसतमुखाने द्यावी. कंपोस्ट, बियाणे आणि अवजारे आपल्याबरोबर येतात. शब्द पाळणारी माणसे या वसाहतीत आहेत ही गोष्ट पसरते, आणि मग दुसऱ्या एखाद्या पडीक भूखंडाचा मालक आपणहून विचारायला येण्याचा संभव असतो. उस्मानपुऱ्यासारख्या परिसरात मोकळी जागा दरवर्षी कमी होत आहे. उरलेल्या जागेवर गाजरगवत वाढवायचे की मेथी, एवढे तरी अजून आपल्या हाती आहे.